जातीचा रंग नेमका देतो कोण?

"वकीलसाहेब, शेळीचं भांडण आहे हो. कशाला उगाच जातीचा रंग देता?"

मराठवाड्यातील एका पोलीस ठाण्यात हे वाक्य मला ऐकवण्यात आले, त्याला आता काही वर्षे झाली. माझ्या शेजारी बाकावर आमच्या समाजातील एक मावशी बसली होती. भूमिहीन, विधवा, तीन शेळ्यांवर संसार चालवणारी. तिची एक शेळी दावे तोडून शेजारच्या उभ्या ज्वारीत शिरली. शेतमालक, त्याचा मुलगा आणि पुतण्या अशा तिघांनी तिला बांधावर गाठले. जातीवरून शिव्या दिल्या, काठीने मारले. तिचा उजवा हात मनगटाजवळ मोडला. बांधापलीकडे खुरपणीला आलेल्या बायका हे सारे पाहत होत्या.

ठाण्यात जी फिर्याद लिहिली गेली त्यात एकच कारण होते : "शेळी शेतात गेल्याच्या किरकोळ कारणावरून." जातीचा उल्लेखही नव्हता. मावशीने सांगितले नव्हते असे नाही. तिने सांगितले, पण लिहिणाऱ्याने लिहिले नाही आणि तिला वाचता येत नव्हते. तिने अंगठा दिला. चार दिवसांनी मी तिला घेऊन पुन्हा ठाण्यात गेलो, तेव्हा हे रंगाचे वाक्य ऐकावे लागले. बरीच हुज्जत घातल्यावर पुरवणी जबाब झाला, अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागली आणि खटला विशेष न्यायालयात उभा राहिला.

उलटतपासणीत आरोपीच्या वकिलाने तिला विचारले, "शेळीच्या भांडणाला तुम्ही नंतर जातीचा रंग दिला, हे खरे आहे काय?" मावशी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मी कशाला रंग देऊ साहेब? माझं नाव त्यायला ठावं व्हतं. त्यायनं नाव नाही घेतलं, जात घेतली."

कोर्टात शांतता पसरली. पण साक्षीच्या कागदावर काय उतरले? आपल्याकडे साक्ष लिहिण्याचा एक ठरीव साचा आहे. त्या साच्यात ओतून तिचे उत्तर असे नोंदले गेले : "हे म्हणणे खरे नाही की, मी प्रकरणाला जातीचा रंग दिला." बस्स. 'नाव नाही घेतलं, जात घेतली' हे शब्द हवेत विरून गेले. निकालात आरोपींना गंभीर दुखापतीबद्दल शिक्षा झाली, पण जातीय अत्याचाराच्या कलमातून ते सुटले. कारण काय, तर वाद शेळीवरून झाला होता, पहिल्या फिर्यादीत जात नव्हती, ती मागाहून सुचलेली होती. अपील प्रलंबित आहे.

तेव्हापासून 'रंग' हा एवढासा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. खैरलांजीपासून गावोगावच्या लहानमोठ्या प्रकरणांपर्यंत आमच्या तोंडावर जो शब्द फेकला जातो, त्याचा अर्थ तरी काय? आज तोच तपासून पाहू.

मराठी माणूस 'रंग' हा शब्द कशाकशासाठी वापरतो ते बघा. मैफलीला रंग चढतो, कीर्तनकार रंगात येतो, भीतीने चेहऱ्याचा रंग उडतो, समारंभाचा बेरंग होतो. लाच घेणारा रंगेहाथ सापडतो. निवडून आलेला पुढारी सहा महिन्यांत रंग दाखवू लागतो. नाटक जिथे होते ती रंगभूमी. बापाचे पैसे उडवणारा रंगेल. म्हणजे हा शब्द कधी आनंद सांगतो, कधी भीती, कधी खरे रूप, तर कधी सोंग. एकच शब्द खरेपणाही सांगतो आणि खोटेपणाही, हे ध्यानात ठेवा.

रंगांची नावे घेऊनसुद्धा आपण केवळ रंगांविषयी बोलत नाही. जो उन्हात राबत नाही, ज्याचे कपडे मळत नाहीत, तो 'पांढरपेशा'. गावाच्या जुन्या व्यवहारात कसदार शेतजमीन ती 'काळी' आणि वस्तीची जागा ती 'पांढरी'. आमचा वाडा मात्र गावकुसाबाहेर. काळीत आम्ही राबलो, पण ती आमच्या नावे नव्हती, आणि पांढरीत आम्हाला घर नव्हते. पैसा चोरीचा असला की तो 'काळा', बाजार चोरीचा असला की तोही 'काळा', अब्रू गेली की तोंड 'काळे'. महाराष्ट्रात 1999 साली तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या : पिवळी, केशरी आणि पांढरी. गरिबीलासुद्धा सरकारने रंग दिला आणि तेव्हापासून माणूस स्वतःची ओळख 'आम्ही पिवळ्या कार्डवाले' अशी करून देऊ लागला.

आता 'जातीचा रंग देणे' या शब्दप्रयोगाकडे वळू. त्यात एक गृहीत धरलेले आहे. भिंत मुळात कोरी असते, रंगारी येऊन तिला रंग लावतो. तसेच घटना मुळात जातीविना असते आणि दलित फिर्यादी, त्याचा वकील, त्याची संघटना येऊन तिला जात फासतात, असे बोलणाऱ्याला सुचवायचे असते. गाव कोरे, समाज कोरा, शेतमालकाचे मन कोरे, आणि रंगाचा डबा तेवढा आमच्या हातात! खरे काय ते सांगण्याचा भारच उलटा करून टाकणारे हे वाक्य आहे.

वकिलीच्या अभ्यासक्रमात आम्ही 'कलर' हा इंग्रजी शब्द एका वेगळ्याच अर्थाने शिकलो. इंग्रजी कायद्याच्या भाषेत 'कलर' म्हणजे देखावा, बाहेरून दिसणारे पण आत नसलेले रूप. मालकीचा कागद वरून ठीक दिसतो पण मालकी देत नाही, तिथे 'कलर ऑफ टायटल' म्हणतात. 1860 च्या भारतीय दंड संहितेचे कलम 99 आठवा. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तोच मजकूर कलम 37 मध्ये आला. लोकसेवकाने सद्भावनेने पण 'कलर ऑफ ऑफिस'खाली, म्हणजे आपल्या पदाच्या नावाखाली, एखादे कृत्य केले आणि ते कायद्याच्या काटेकोर चौकटीत बसत नसले, तरी मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती नसेल तर त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क नाही, असे ते कलम सांगते. वर्दीचा रंग किती जाड असतो, ते इथे कळते.

घटनेच्या क्षेत्रात 'कलरेबल लेजिस्लेशन' म्हणजे छद्म कायदा हा सिद्धांत प्रसिद्ध आहे. के. सी. गजपती नारायण देव विरुद्ध ओरिसा राज्य या 1953 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याची मांडणी केली. सरळ मार्गाने जे करण्याचा अधिकार विधिमंडळाला नाही, ते आडमार्गानेही करता येत नाही. वरचा रंग बघू नका, आतला गाभा बघा, असे हे तत्त्व आहे. तत्त्व चांगलेच आहे. पण त्याच्याच जातकुळीचे हत्यार आमच्यावर कसे चालले, तेही आठवले पाहिजे. एम. आर. बालाजी विरुद्ध मैसूर राज्य या 1962 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 68 टक्के राखीव जागांचा आदेश रद्द केला आणि अशा आदेशाला राज्यघटनेवरील कपट म्हटले. हजारो वर्षांची शंभर टक्के राखीव जागा कोणाला कपट वाटली नाही, 68 टक्के मात्र वाटले!

तर कायद्याच्या भाषेत 'रंग' म्हणजे बहाणा, पांघरूण. शब्दाच्या मुळाशी गेलो तर हाच अर्थ सापडतो. 'कलर' हा शब्द लॅटिनमधून आला आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध 'झाकणे' या अर्थाच्या धातूशी जोडतात. आपल्याकडचा 'वर्ण' हा शब्द 'वृ' धातूपासून आला असे मानतात. त्याचाही एक अर्थ झाकणे, वेढणे असाच आहे. दोन दूरच्या भाषांमध्ये रंगाचा शब्द आच्छादनाच्या शब्दातून निघावा, याचे नवल वाटते. पण 'वृ'चा दुसराही एक अर्थ आहे : निवडणे. 'वर' आणि 'वरणे' या शब्दांत तो आजही जिवंत आहे. झाकणे आणि निवडणे हे दोन्ही अर्थ लक्षात असू द्या. पुढे त्यांची गरज लागणार आहे.

'वर्ण' म्हणजे रंग, 'वर्ण' म्हणजे अक्षर आणि 'वर्ण' म्हणजे समाजाची उतरंड. ज्यांनी चार वर्णांची व्यवस्था चालवली त्यांनी वर्णमालासुद्धा आपल्याच कडीकुलपात ठेवली. 1848 साली महात्मा फुले आणि सावित्रीमाईंनी पुण्यात ते कुलूप फोडले. 'सवर्ण' हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांतून आपणही सहज वापरतो. त्याचा अर्थ वर्ण असलेला. मग आम्ही कोण, तर 'अवर्ण', ज्यांना रंगच नाही असे. ज्यांना चार रंगांच्या बाहेर टाकले, रंगहीन ठरवले, त्यांनीच आता प्रकरणाला रंग दिला असे म्हणायचे, हा केवढा विनोद!

बुद्धांच्या काळीही हा वाद होता. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात ब्राह्मणांचा दावा येतो की ब्राह्मण हाच शुक्ल वर्ण, बाकीचे कृष्ण वर्ण. पालीतला 'वण्ण' हा शब्द तिथे रंग आणि दर्जा अशा दोन्ही अर्थांनी खेळतो. तथागतांनी त्याला रंगाने उत्तर दिले नाही. वस्तुस्थितीने दिले. योन आणि कंबोज देशांत दोनच वर्ण आहेत, मालक आणि दास, आणि तिथे मालकाचा दास होतो, दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस ना, असे त्यांनी त्या तरुण ब्राह्मणाला विचारले. म्हणजे ही व्यवस्था निसर्गाची नव्हे, माणसांनी केलेली आहे. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तर गवत, किडे, पक्षी, मासे यांच्यात जन्मतः वेगळेपणाच्या खुणा आहेत, पण माणसांत केसांनी, डोळ्यांनी, रंगाने किंवा आवाजाने तशी खूण सापडत नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. पुढे अट्ठकथाकारांनी 'वण्ण' शब्दाचे अर्थ मांडले : कांती, स्तुती, कुळ, कारण, आकार, प्रमाण, डोळ्यांना दिसणारे रूप. शब्द एक आणि अर्थ सात. तेव्हा कोणता अर्थ कुठे घ्यायचा हे तपासल्याशिवाय पुढे जायचे नाही, ही आपली जुनी परंपरा आहे.

विरोधकांच्या ग्रंथातही हीच शंका डोकावते. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू सांगतात की ब्राह्मणांचा वर्ण पांढरा, क्षत्रियांचा लाल, वैश्यांचा पिवळा आणि शूद्रांचा काळा. त्यावर भारद्वाज विचारतात की रंगावरून वर्ण ठरत असेल तर सगळ्याच वर्णांत सगळे रंग मिसळलेले दिसतात, त्याचे काय? प्रश्न बिनतोड आहे. गावात फिरून बघा. गोरा महार आहे, काळा ब्राह्मण आहे, सावळा मराठा आहे. कातडीवरून जात ओळखण्याची पैज लावली तर भला भला हरेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 साली प्रसिद्ध झालेल्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात हा प्रश्न मुळापासून हाताळला. गोरे आर्य आले, त्यांनी काळ्या दासांना जिंकले आणि त्यातून वर्णव्यवस्था झाली, हा पाश्चात्त्य पंडितांचा सिद्धांत त्यांनी नाकारला. ऋग्वेदातील उल्लेख तपासले, पारशांच्या अवेस्तातील त्याच शब्दाशी ताडून पाहिले आणि मूळ अर्थ कातडीचा रंग नसून श्रद्धा, मत, स्वीकारलेला पंथ असा आहे, असा निष्कर्ष काढला. 'जातिनिर्मूलन'मध्येही त्यांनी दाखवले आहे की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच आहेत. बाबासाहेबांनी एवढा आटापिटा का केला असेल? कारण जात रंगावर, रक्तावर उभी आहे असे एकदा मान्य केले की ती निसर्गाची होते आणि मग तिच्याविरुद्ध लढता येत नाही. ती माणसाने केलेली आहे हे सिद्ध झाले, तरच ती माणसाला मोडता येते.

इथे कोणी म्हणेल, रंगाचा लढा खरा तर अमेरिकेचा, तिथे तरी रंग डोळ्यांना दिसतो. पण तिथेही तो दिसतो तेवढा साधा नाही. 1892 साली लुइझियाना राज्यात होमर प्लेसी नावाचा माणूस आगगाडीच्या गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि त्याला अटक झाली. त्याच्यात आफ्रिकी रक्ताचा वाटा आठवा होता आणि बघणाऱ्याला तो गोराच दिसत असे. म्हणजे त्याची कातडी गोरी होती, पण कायद्याने त्याला 'कलर्ड' ठरवले. 1896 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मताने वेगळे डबे वैध ठरवले. रंग डोळ्यांना दिसत नसतानाही समाजाला तो माहीत असतो. आमच्या मावशीची जात शेतमालकाला माहीत होती तशी!

एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी त्या निकालाविरुद्ध मत लिहिले आणि आमची राज्यघटना रंगांध आहे, ती रंग पाहत नाही, असे म्हटले. हे वाक्य जगभर गाजले. पण त्याच्या आधीच्याच वाक्यांत, या देशात गोरा वंश वरचढ आहे आणि आपल्या वारशाला जागला तर कायमच राहील, असेही त्यांनी लिहिले आहे, हे कमी जणांना माहीत असते. पुढे काय झाले पाहा. 29 जून 2023 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांतील वंश विचारात घेऊन दिले जाणारे प्रवेश घटनाविरोधी ठरवले आणि त्या निकालाच्या समर्थनार्थ रंगांधळेपणाचेच तत्त्व पुढे आले. 1896 मध्ये काळ्या माणसाला डब्यात बसू द्यावे म्हणून वापरलेला शब्द 2023 मध्ये त्याला विद्यापीठाच्या दारात अडवण्यासाठी कामी आला. शब्द तोच, वापर मात्र उलटा.

तरीही अमेरिकेच्या कायद्यात एक गोष्ट आहे जी आपल्या वकिलांनी ध्यानात घ्यावी. 1866 च्या नागरी हक्क कायद्यातून पुढे आलेल्या एका फौजदारी कलमात 'कलर' हा शब्द एकाच वाक्यात दोन अर्थांनी येतो. कायद्याच्या किंवा रूढीच्या 'रंगाखाली' कोणी दुसऱ्याचे हक्क हिरावले, किंवा त्याच्या 'रंगामुळे' त्याला वेगळी शिक्षा दिली, तर तो गुन्हा ठरतो. पहिला रंग म्हणजे सत्तेचे पांघरूण, दुसरा रंग म्हणजे कातडी. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूप्रकरणी पोलीस अधिकारी डेरेक शॉविन याने डिसेंबर 2021 मध्ये याच कलमाखालचा गुन्हा कबूल केला. आणि त्या कलमात कायद्याबरोबर 'रूढी' हा शब्द आहे, हे विसरू नका. रूढीसुद्धा एक पांघरूण आहे, हे अमेरिकेच्या कायद्याने दीडशे वर्षांपूर्वी ओळखले. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले. 1946 साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील काळे आणि भारतातील अस्पृश्य यांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता. ज्या डू बॉइस यांनी 1903 साली रंगरेषा हा विसाव्या शतकाचा प्रश्न असल्याचे सांगितले, त्यांनाच ते पत्र होते.

आता आपल्या राज्यघटनेकडे या. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात भेदभावाच्या कारणांमध्ये 'रंग' आहे. आपल्या अनुच्छेद 15 मध्ये तो नाही. तिथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहेत. अनुच्छेद 16 मध्ये त्यात कूळ आणि निवास यांची भर आहे, आणि अनुच्छेद 17 अस्पृश्यता नष्ट करतो. म्हणजे आपल्या घटनेने आपला रोग त्याच्या नावानेच पुकारला : जात. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनेही 2002 साली स्पष्ट केले की करारातील 'कूळ' या शब्दात जातीवर आधारलेला भेदभाव येतो. मग घटना जिला नावाने ओळखते, तिला ठाण्याच्या दारात येताच 'रंग' का म्हटले जाते?

कारण उघड आहे. आमच्याकडचा रंगांधळेपणा 'आम्ही जातपात बघत नाही' या वाक्यात राहतो. जे लग्न ठरवताना, घर भाड्याने देताना, पाण्याचा माठ ठेवताना जात बघतात, तेच मारहाणीच्या दुसऱ्या दिवशी जातीला आंधळे होतात. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. 2008 साली सत्र न्यायालयाने आरोपींना खुनाबद्दल दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली, पण जातीय अत्याचाराचा कायदा लागू होत नाही असे म्हटले. 2010 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी 25 वर्षांची शिक्षा दिली आणि त्यानेही या हत्याकांडामागे जातद्वेष नसून सूड आहे असेच मानले. सूड होता, मान्य. पण तो सूड गावातल्या बलदंडाच्या घरावर असा उगवला असता काय? हा प्रश्न निकालपत्रात नाही. तो आमच्या मनात आहे.

म्हणून मी म्हणतो, आरोप उलटा करून वाचा. शेळी, बांध, पाट, वरात, मोबाइलवरचे गाणे, निवडणुकीचे वैर ही कारणे खोटी नसतात, पण ती वरचा रंग असतात. आत जात असते. भांडणाला जातीचा रंग दिला जात नाही, जातीच्या अत्याचारालाच भांडणाचा रंग दिला जातो. गजपती निकालाचे तत्त्व इथे लावा : वरचे रूप बघू नका, गाभा बघा.

कायद्यानेही थोडी वाट मोकळी केली आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 3(2)(v) मध्ये पूर्वी 'ती व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे या कारणावरून' गुन्हा झाला असे सिद्ध करावे लागे. 2015 च्या दुरुस्तीने, जी 26 जानेवारी 2016 पासून अमलात आली, 'हे माहीत असताना' असे शब्द घातले. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल तर त्याला जात माहीत होती, असे न्यायालयाने गृहीत धरायचे, असेही कलम 8 मध्ये आले. 2021 साली पटन जमाल वली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जात हे एकमेव कारण असलेच पाहिजे असा अर्थ लावता येणार नाही. अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. पण त्याच्या आदल्या वर्षी, 2020 मध्ये, हितेश वर्मा प्रकरणात त्याच न्यायालयाने जमिनीच्या वादातील अपमान जातीमुळे झाल्याशिवाय या कायद्यात येत नाही आणि चार भिंतींआड झालेला अपमान सार्वजनिक दृष्टीस पडणारा नाही, असे म्हटले. आरोपीचे वकील पहिला निकाल झाकून दुसरा दाखवतात. आपण दोन्ही वाचले पाहिजेत.

माझ्या हातून एक चूक झाली, ती इथे कबूल करतो. मावशीची शेळी गेली त्याच आठवड्यात त्याच ज्वारीत गावातल्या एका बागायतदाराची दोन वासरे शिरली होती. शेतमालकाने फोन करून हसत हसत ती परत पाठवली. हे मावशीने मला सांगितले होते. ज्वारी तीच, शेतमालक तोच, नुकसान जास्त, पण काठी उचलली गेली नाही. जात नेमकी कुठे होती हे याहून स्पष्टपणे कोण सांगेल? पण मी ते वेळेवर पुराव्यात आणले नाही. जातिवाचक शब्द सिद्ध करण्यात गुंतून राहिलो आणि बायका फितूर झाल्यावर हात चोळत बसलो.

म्हणून चळवळीतील कार्यकर्त्यांना सांगणे आहे. फिर्याद लिहून झाली की ती मोठ्याने वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचता येणारा सोबत न्या आणि त्यानंतरच अंगठा द्या. कोणते शब्द, कुठे उभे राहून, कोणासमोर उच्चारले ते पहिल्याच दिवशी लिहिले गेले पाहिजे. आरोपी किती वर्षांपासून ओळखतो ते नोंदवा. हेच दुसऱ्या कोणाकडून घडले तेव्हा आरोपी कसा वागला, त्याचे साक्षीदार शोधा. साक्षीच्या वेळी महत्त्वाचे उत्तर साच्यात जाऊ देऊ नका. सत्र न्यायालयात साक्षीचा भाग प्रश्नोत्तराच्या रूपात, साक्षीदाराच्या शब्दांत नोंदवण्याची मुभा न्यायाधीशांना आहे. ती लेखी अर्ज देऊन मागा. आणि जिथे खरोखर जात नसेल तिथे ती ओढून आणू नका. एक खोटी फिर्याद शंभर खऱ्या फिर्यादींवर पडदा टाकते.

आपल्या घरातही डोकावू. आपल्याच वधू-वर मेळाव्यांच्या पुस्तिकांत 'गोरी, सडपातळ' हे शब्द मी वाचतो. ज्या बाबासाहेबांनी वर्णाचा रंगाशी असलेला संबंध तोडून दाखवला, त्यांच्या अनुयायांनी मुलीचा रंग विचारावा? तो शब्द आपल्या पुस्तिकांतून यावर्षीच काढून टाका.

'वृ' धातूचे दोन अर्थ सांगितले होते. झाकणे आणि निवडणे. मनूची व्यवस्था पहिल्या अर्थावर उभी राहिली. तिने माणसाला झाकून त्याच्यावर जातीचे पांघरूण घातले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आणि लाखो लोकांनी दुसरा अर्थ जगून दाखवला. त्यांनी निवड केली. आपला निळा रंग हाही जन्माने अंगावर आलेला नाही, आपण तो निवडला आहे.

मावशीचे अपील सुनावणीला येईल तेव्हा तिचे ते वाक्य कागदावर नसेल. म्हणून मी ते इथे लिहून ठेवतो. "माझं नाव त्यायला ठावं व्हतं. त्यायनं नाव नाही घेतलं, जात घेतली." यापुढे कोणी तुम्हाला म्हणाले की जातीचा रंग देऊ नका, तर त्याला एवढेच विचारा : तुम्ही आमचे नाव घेतले होते, की जात?